कराडच्या पुढची वाट

आटपाडी
बुधवार

प्रिय बाळूदादा,

तू फोन कट करतोस म्हणून कागद घेऊन बसले. आबा घरातून गेलेत हे आयनं तुला सांगितलं, तर 'आबांचं सोडून काय असंल तर बोल' म्हणालास आणि नंतर तिचाही फोन उचलेनास. शेजारच्यांच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. कागद काही कट करता येत नाही. फाडशील फार तर. पण दिवाळीची सुट्टी संपवून जोतीराम विट्याहून तुमच्या कोइमतूरला निघालाय, त्याला बजावलंय, दादा तुझ्यासमोर वाचीपर्यंत त्याच्या सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानातून हलायचं नाही. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. चहावर चहा पिईल, पण हलणार नाही.

आबा अजून सापडलेले नाहीत. आठवडा होऊन गेला. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली, पण विसर पडायला लागल्यापासून ते रोज सकाळी रिकाम्या अंगणात उभं राहून मोजायचे आणि एक कमी भरतंय म्हणून आयवर चिडायचे. दिवाळी सरली, म्हणजे त्यांची वाटेला लागायची वेळ झाली. त्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि निघाले. आय भाकरी थापत होती. आता ती सारखी तेवढंच बोलते, "मी हटकाय पायजे व्हतं गं, हटकाय पायजे व्हतं."

माझ्या पुण्याच्या कामाला तू 'दगडाची नोकरी' म्हणतोस. म्हण बापडा. पण आज ती जरा समजून घे. पृथ्वीच्या जवळून जे लघुग्रह जातात, ते दुर्बिणीच्या फोटोत बारक्या ठिपक्यासारखे दिसतात, ताऱ्यांमधून सरकत असतात. कुठल्या वेळी ठिपका आभाळात नेमका कुठं होता, अशा निदान तीन नोंदी हाताशी आल्या की त्याची सूर्याभोवतीची वाट मांडायची आणि उद्या तो कुठं दिसेल ते काढायचं, हे माझं काम. पण तिन्ही नोंदी लागोपाठच्या असल्या तर वाट कच्ची निघते. आधी आभाळात बोटभर जागेत शोधायचं असतं, चार दिवसांनी वीतभर, आणि महिना गेला की कुठं बघावं तेच समजत नाही. दिवाळीच्या आधी असाच एक दिसला आणि लगेच सूर्याच्या उजेडात शिरला. घाबरू नकोस, तुझ्या दुकानावर पडायचा नाही तो! त्याला आम्ही हरवला म्हणतो खरं, पण तो कशाला हरवतोय? तो त्याच्या वाटेनं चाललेलाच असतो. आम्हाला ती वाट माहीत नसते, एवढंच.

आबांच्या बाबतीत हे माझ्या डोक्यात लवकर आलंच नाही. आम्ही आपले हरवलेला म्हातारा शोधत होतो. एसटी स्टँड पालथे घातले, दवाखाने झाले, म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात जाऊन बसलो. माझ्या साखरपुड्यातला, टोपी घातलेला फोटो छापून लावला, त्यात आबा आबांसारखे दिसतसुद्धा नाहीत. मग भिवघाटातला एक चहावाला म्हणाला, "हरवल्यागत न्हाई दिसलं म्हातारं. लय घाईत व्हतं, मागं वळून वळून शीळ घालत चाललं व्हतं." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आबा मेंढरं घेऊन निघालेत. दर दिवाळीनंतर चाऱ्यासाठी जायचे, त्या मेंढरांच्या वाटेनं.

त्या अंदाजानं विटा ओलांडून पुढं विचारत गेले, तर कडेगावच्या पुढं ऊसतोडीच्या खोपटातल्या बायकांनी त्यांना पाणी दिलेलं निघालं. आणि तिसरी खूण कराडच्या पुलावर. तिथं राहीबाई म्हणून एक भाजीवाली बसते, तिनं डोळ्यांनी बघितलंय. भर दुपारी आबा पुलाच्या मधोमध हात पसरून उभे, दोन्हीकडच्या गाड्या अडवलेल्या, हॉर्न वाजतायत, एसटीचा ड्रायव्हर शिव्या घालतोय, आणि हे काठी आडवी धरून मेंढरं पुढं काढतायत. पुलावर मेंढरू एक नाही. आणि हाका कुणाला? "बाळू, म्होरली आडीव रं! बाळू!" हे तुला लिहू नको असं आय म्हणाली. मी लिहिलं. राहीबाईनं हाताला धरून कडेला आणलं, भाकरी दिली. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात हे उठून गेलेले.

तिथून पुढं काहीच नाही. कराडच्या पुढं वाटा फुटतात, एक पाटणकडं, एक उंब्रजकडं, एक ढेबेवाडीच्या खोऱ्यात. पाटणच्या बाजूला दोन दिवस फिरले. आपल्याकडचे मेंढके भेटले, सगळी नवी पोरं. त्यांनी चहा दिला, पण म्हणाली, "आक्का, परत्येकाची वाट येगळी, मेंढरं बसवायची रानं येगळी. तुमच्या हरिबाआबाची वाट आमास्नी कशी ठाव असणार?" बरोबरच आहे त्यांचं. आबांबरोबर चालणाऱ्या भाऊसो तात्याला ठाऊक होती, तो वारला. आय माझ्या शाळेपायी आणि आज्जीच्या दुखण्यापायी घरीच राहिली. पोलीस म्हणतात, आम्ही बघतोय. बघतायत बिचारे. दादा, मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं. दिवस मावळला की लई थंडी पडते, आणि त्यांच्यापाशी ते एक घोंगडंच.

काल ऑफिसातून फोन आला, की तो लघुग्रह सापडला. आमच्यातल्या एकीनं दहा-बारा वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेले फोटो धुंडाळले. एकाच्या कोपऱ्यात तो पुसटसा होता, तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ती एक जुनी जागा गणितात घातल्याबरोबर सगळी वाट पक्की झाली, आणि पहाटे दुर्बीण लावली तर म्हटल्या ठिकाणी हजर! मी फोनवर हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं आनंदानं.

माझ्याकडं अशी जुनी नोंद कुठली? ती तू आहेस. आबांनी चौथीतून तुझं नाव काढलं आणि तुला मेंढरांमागं नेलं. पाच वर्षं तू त्यांच्याबरोबर चाललास, काटे काढलेस, मार खाल्लास, आणि एका वर्षी वाटेतूनच गलाईवाल्यांबरोबर पळून गेलास. तुझ्या वाट्याची शाळा मी शिकले, म्हणून मला आभाळातली वाट मांडता येते आणि बापाची येत नाही. तुझा राग खरा आहे. मी तुला माफ कर म्हणत नाही, ये म्हणत नाही, त्यांच्याशी बोलूसुद्धा नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर जोतीरामाला सांग, तो मला कळवेल. कराडचा पूल ओलांडला की आबा कुठं वळायचे, पहिला मुक्काम कुणाच्या रानात पडायचा, एवढंच हवंय. मी उद्यापासून पुलाजवळ थांबते. तू नुसतं डावीकडं म्हण नाहीतर उजवीकडं म्हण, मी चालायला लागते.

तुझीच,
माया