थरथरता हात, आत या!

प्रति,
माननीय आरोग्य अधिकारी,
नगर आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दवाखान्यात रुग्णांना आजाराच्या नावाने हाक मारणे बंद करून माझी गिऱ्हाइके परत मिळवून देण्याबाबत.

संदर्भ : माझा याच विषयावरील गोपनीय अर्ज, जो आपण त्याच दवाखान्याकडे 'योग्य कार्यवाहीसाठी' पाठवलात.

महोदय,

मी खाली सही करणारा, चौकातल्या केशकर्तनालयाचा मालक व एकमेव कारागीर, आपणांस पुन्हा तसदी देत आहे. कारण पहिल्या अर्जाने दुखणे बरे व्हायचे सोडून पसरले आहे.

१. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात कंपाउंडर दाराशी उभा राहून रुग्णांना आजाराच्या नावाने पुकारतो. 'खोकला, आत या. खरूज, तुम्ही जरा लांब बसा.' नावे लक्षात राहत नाहीत, आजार राहतात, असे त्याचे म्हणणे. बड्या मंडळींना मात्र तो फक्त 'या साहेब' म्हणत असे. त्यामुळे बँकेच्या मॅनेजरसाहेबांना काय होते हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि मला काय होते हे समोरच्या पंक्चरवाल्याला तोंडपाठ होते.

२. माझा उजवा हात रिकामा असला की किंचित थरथरतो. त्यात वस्तरा दिला की लगेच स्थिर होतो. हे मी डॉक्टरांना दार लावून सांगितले. पुढच्या खेपेस कंपाउंडर भरल्या बाकांसमोर ओरडला, 'थरथरता हात, आत या!' बाकांवरची निम्मी माणसे माझी गिऱ्हाइके होती. एकाने तिथल्या तिथे स्वतःचा गळा चाचपून पाहिला. तेव्हापासून माझ्याकडे दाढीला कोणी बसत नाही. केस कापायला येतात, तेही कात्री कानाजवळ गेली की डोळे मिटून घेतात. माझे सख्खे मेहुणे दाढी वाढवून हिंडत आहेत आणि विचारले तर 'हौस आहे' म्हणतात.

३. म्हणून मी दोन मागण्या केल्या होत्या : रुग्णाचे गुपित राखावे आणि सर्वांना सारखे वागवावे. दवाखान्याने दुसरी तेवढी उचलली. आता लहानथोर न पाहता सगळ्यांनाच आजाराने हाक मारतात. परवा मॅनेजरसाहेब 'मूळव्याध' म्हणून आत गेले, मुख्याध्यापिकाबाई 'घोरणे' म्हणून. (हे केवळ पुरावा म्हणून लिहिले आहे. कृपया वाचून विसरावे.) वर कंपाउंडर माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, 'यांनी अर्ज केलाय हो, म्हणून!' पूर्वी लोक मला नुसते घाबरत होते, आता घाबरतात आणि चिडतातही.

४. मी डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, 'अहो, आजारात लाजायचं काय? माणसानं कसं मोकळं असावं!' हेच डॉक्टर माझ्या दुकानात आले की आधी शटर पाडायला लावतात आणि मगच खुर्चीत बसतात. कशासाठी, ते मी लिहिणार नाही.

५. महोदय, रिकाम्या खुर्चीकडे बघून मला रडू येते. शिवाय दाढीचे गिऱ्हाईक नाही म्हणून हातात वस्तरा नाही, आणि वस्तरा नाही म्हणून हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो. हे असेच चालले तर कंपाउंडर खरा ठरेल.

६. माझ्या खुर्चीतही माणसे पुष्कळ काही उघडे करतात. पण मी कधी दारात उभा राहून 'कलप, आत या. टक्कल, तुम्ही थांबा' असे ओरडलेलो नाही. आपण इतकी वर्षे मागच्या दाराने येता. आपल्याला मी 'या साहेब' यापलीकडे काही म्हटलेले नाही, आणि घरी बायकोलाही कधी काही बोललेलो नाही.

तरी कंपाउंडरला समज देण्यात यावी. आणि एक उपकार करावा. येत्या रविवारी, चौकात गर्दी असताना, आपण पुढच्या दाराने यावे आणि काचेसमोरच्या खुर्चीत दाढीला बसावे. लोक बघतील. माझा हात थरथरणार नाही. आणि आपण आत आलात की मी 'या साहेब' एवढेच म्हणेन.

आपला भरवशाचा,
(सही, हातात पेन असल्याने अक्षर स्थिर आहे)
केशकर्तनालय चालक
सोमवार, दुकान बंद

सोबत : मेहुण्यांच्या दाढीचे छायाचित्र.

ता. क. : पाकिटावर या वेळी 'गोपनीय' लिहिलेले नाही. मागच्या वेळी तेवढे वाचूनच सगळ्यांनी ते उघडले.