उलटणाऱ्या बोटीची वाटणी

मी, खाली सही करणारी, पदार्थविज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या डोक्याविषयी माझ्या भावाला जुनी शंका आहे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. भावाला काही नाही. मागच्या खोलीतल्या माझ्या पाण्याच्या टाकीला तो जन्मभर ‘म्हशीची डोण’ म्हणत आला. म्हैस कोण, हे मी कधी विचारलं नाही.

२. ती टाकी व दोन नमुना-बोटी. यामागची हकिकत नोंदवणे भाग आहे. आमच्या बंदरातली प्रवासी बोट माझ्या जन्माआधी शांत पाण्यात वळताना उलटली. कप्तान प्यायलेला होता, असं ठरवून चौकशी समिती मोकळी झाली. मालकाने बोटीवर चढवलेला जादा मजला एकाही सदस्याला दिसला नाही. मी जुन्या आराखड्यांवरून सुताराकडून दोन नमुने करून घेतले, एक मूळचा, एक मजला चढवलेला. नौकासंग्रहालयात सगळ्यांसमोर दोन्ही पाण्यात सारखेच कलते केले. पहिला सरळ झाला. दुसरा वरच्या वजनाने आडवा झाला तो झालाच.

संचालक म्हणाले, “बाई, खेळण्यांवरून इतिहास लिहीत नाहीत.”

“मग कशावरून लिहितात? मालकाच्या नातवाच्या देणगीवरून?”

त्यांनी मला वाटेला लावलं. दारात कप्तानाची नात उभी होती. परिचारिका आहे. तिने विचारलं, “म्हणजे आजोबा प्यायले नव्हते?”

“ते मला ठाऊक नाही. पण शुद्धीत असते तरी बोट उलटलीच असती.”

ती बाकावर बसून रडली. संचालकांनी घड्याळ पाहिलं.

सबब टाकी व दोन्ही नमुने तिला. आता संचालकांना तेच ‘खेळणं’ प्रदर्शनात मांडायचं आहे. त्यांनी आधी संग्रहालयात लावलेला, कप्तानाला दारुडा म्हणणारा फलक स्वतःच्या हातांनी उतरवावा, मग तिच्या दारी जाऊन मागावं. द्यायचं की नाही, ते ती ठरवील.

३. पुस्तके महाविद्यालयाला. विभागप्रमुखांनी ती वाचावीत अशी अट नाही. अशक्य अटी कायद्यात टिकत नाहीत.

४. शोकसभा घेऊ नये. संचालक माझ्यावर चांगलं बोलतील, आणि मला खोडून काढता येणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
(सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार: डॉक्टर (सही)
साक्षीदार: सुतार (सही)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तोच