बरोबरच्या खुणेखालची सही

तीर्थरूप बाबांना,
थोरलीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शाळा आणि खोली दोन्ही जवळ आहेत, चालणं फार पडत नाही. आईचा गुडघा कसा आहे? आता कार्यकर्त्यांचा चहा थांबला असेल, तिला जरा बसू द्या.

काल काकांचा फोन आला. मतमोजणीला ते तुमच्या शेजारीच होते ना. म्हणाले, "अगं, टपालानं आलेलं आपलं एक मत बाद झालं. बरोबरची खूण, आणि तिच्याखाली सही. मोजणीचे साहेब म्हणाले, बाईंनी वही तपासलेली दिसते."

बाबा, ती बाई मीच. निवडणुकीच्या कामावर होते, म्हणून टपालानं मत दिलं. मतपत्रिकेवर सही चालत नाही, हे मीच इतरांना सांगत होते. पण अठरा वर्षं वह्या तपासतेय. खूण केली की हात आपोआप सही करून मोकळा होतो. तुम्ही विधानसभेला हरलात ते एका मतानं. माझं मत धरलं असतं, तर बरोबरी होऊन निदान चिठ्ठी तरी टाकली असती.

काका म्हणाले, तुम्ही तो कागद बराच वेळ पाहिलात आणि म्हणालात, "बादच आहे, बाजूला ठेवा." माझी सही तुम्हाला ओळखू आली नसेल, असं कसं होईल?

त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, जेवलीस का.

हे पत्र वाचून एकदा मनसोक्त रागवा. तुम्ही असे गप्प राहिलात, तर सुट्टीत घरी यायला माझा पाय उचलणार नाही.

तुमचीच,
थोरली