आईसाठी बाम, बॅच नंबर तीन

१२ नोव्हेंबर, सकाळ

आईचा फोन. म्हणजे ह्वांग मावशींच्या मोबाईलवरून. केअर हॉस्पिटलात आईच्या खोलीतल्या सहाही म्हाताऱ्यांचं सगळं त्याच बघतात. आई म्हणाली, ओठ फार फुटलेत रे, येताना काहीतरी लावायला आण, औषधाच्या दुकानात छोटं मिळतं ना, तेवढंच. म्हटलं, रविवारी आणतो.

तिला तिथे ठेवून सात आठवडे झाले. माझं जाणं झालेलं नाही, पण त्याला कारणं आहेत. रिकाम्या हाताने कोणी जात नाही. आणि संत्र्यांची पेटी नेली तर ती म्हणणार, नोकरी नसताना हे कशाला. नोकरी गेलेली नाही, हे इथे नमूद करतो. कंपनीने सन्मान-निवृत्ती दिली. पत्रात 'सन्मान' हा शब्द दोनदा आहे.

१२ नोव्हेंबर, दुपार

औषधाच्या दुकानात डबी बघितली. घटक वाचले. पेट्रोलियम. सव्वीस वर्षं पेंटच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल केलं आहे, मला लेबल फसवू शकत नाही. आईच्या ओठांना गाडीचं ग्रीस लावणार नाही.

निर्णय: घरी करायचा. शुद्ध, नैसर्गिक, आणि स्वस्त.

१४ नोव्हेंबर

तीनच गोष्टी लागतात. तिळाचं तेल, मधमाशांचं मेण आणि जिचोची मुळी. जखमेवर, भाजल्यावर जुने वैद्य हीच मुळी तेलात घालून लावत. तेल गडद जांभळं होतं, म्हणजे गुण उतरला.

चौकातल्या तेलाच्या गिरणीत गेलो. गिरणीवाल्या बाईंना सांगितलं, उत्तम काढून द्या, हात आखडू नका. त्यांनी तीळ माझ्या डोळ्यांसमोर चॉकलेटी होईपर्यंत भाजले. रस्त्यापर्यंत घमघमाट. समाधान वाटलं. मुळ्या तेलात घालून मंद आचेवर ठेवल्या. बॅच नंबर एक.

१६ नोव्हेंबर, रविवार

बायको, ओकजू, सुपरमार्केटच्या ड्यूटीवरून आली. दारातूनच म्हणाली, अगंबाई, आज तिळाच्या तेलात पालक केलात की काय, किती दिवसांनी घरात वास आला. तिला सांगितलं, हा लिप बाम आहे. ती बूट न काढताच खाली बसून हसली. मग हसू थांबवून म्हणाली, अहो, आईंना तिथे जेवणाच्या वासाने मळमळतं, आणि तुम्ही त्यांच्या नाकाखाली भाजलेलं तेल फासणार?

मुद्दा बरोबर आहे. पण तीळ भाजणार असं बाईंनी आधी सांगायला हवं होतं. इथे सगळे भाजूनच नेतात आणि मी चोपन्न वर्षं तेच खातोय, ही गोष्ट वेगळी.

आज जाणं रद्द. उरलेला बाम भातात कालवून बघितला. मेण दाताला चिकटतं.

१९ नोव्हेंबर

गिरणीत जाऊन कच्चं तेल मागितलं. बाई म्हणाल्या, साहेब, कच्चं कोण खातं, बायकोने चुलीला हात लावायची बंदी केली का? मागच्या दोघी हसल्या. माजी मॅनेजर सगळ्यांना उत्तरं देत बसत नाही.

मुळ्या या वेळी आच न देता बरणीत भिजवल्या. दोन आठवड्यांत अर्क येतो असं म्हणतात. मी चार आठवडे ठेवणार. तोवर आईकडे जाण्यात अर्थ नाही. नेणार काय?

२३ नोव्हेंबर, रविवार

ओकजू एकटी जाऊन आली. म्हणाली, आई विचारत होत्या, माझा दोंगशिक खाली गाडी लावतोय का. आणखी म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय की आठवण भराभर चाललीय. त्यांनी आपल्याला ओळखावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी वेळेत येऊन जावं.

डॉक्टर नेहमी मार्जिन ठेवून बोलतात, हे मी तिला समजावलं. आम्हीही डब्यावर दोन वर्षं लिहायचो, रंग पाच वर्षं टिकायचा. ती भांडी घासायला गेली.

२९ नोव्हेंबर

वर्षाची किमची घातली. दरवर्षी ऐंशी कोबी, यंदा वीस. मिठाचा अंदाज आईचा असायचा. यंदा खारट झाली आहे, पण मुरल्यावर उतरेल.

सप्टेंबरात तिला तिथे सोडताना मी म्हटलं होतं, किमचीचं उरकलं की घरी नेतो. आज ओकजूने तो विषय काढला नाही. मीही नाही. तेव्हा आईने माझ्या जॅकेटची बाही धरली होती आणि नर्सने एकेक बोट सोडवलं होतं. कोबीच्या पानापानात मीठ भरताना ते सारखं समोर येत होतं. बाहेर जाऊन बरणी हलवून आलो. रंग छान येतोय.

९ डिसेंबर

दुपारी ह्वांग मावशींचा फोन वाजला. हात तेलाचे होते म्हणून घेतला नाही.

नंतर वाटलं, खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. हात कोरडे होते.

२१ डिसेंबर, रविवार

बॅच नंबर दोन. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत तेल आणि मेण निम्मं-निम्मं. थंड झाल्यावर वाटीतून निघेना. सुरीने खरवडून स्वतःच्या ओठाला घासला. साल निघाली, रक्त आलं. म्हणजे पकड उत्तम आहे. फक्त मेण कमी करायला हवं.

ओकजू म्हणाली, तुमचे ओठ बघवत नाहीत, थांबा, माझ्याकडची दुकानातली डबी देते. घेतली नाही. ती झोपल्यावर थोडीशी लावली.

४ जानेवारी, रविवार

ओकजू आईकडून आली ती थेट खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, आज त्यांनी मला विचारलं, तू कोणाची सून गं, गोड आहेस. पण मुलाचं विचारलं तर सगळ्यांना सांगत होत्या, तो ऑफिसात फार मोठ्या जागेवर आहे, त्याला सवड कुठली.

बघ, माझी आठवण शाबूत आहे, असं मी म्हणालो. सून बाहेरची, तिची आधी जाणारच. ओकजूने माझ्याकडे असं बघितलं की मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मला भीती वाटते. कशाची ते उद्या लिहीन.

१८ जानेवारी, रविवार

बॅच नंबर तीन. यश. चार भाग तेल, एक भाग मेण. बोटाने घेतला की विरघळतो, वास जवळजवळ नाही, रंग पिकल्या द्राक्षाचा. ओकजूच्या क्रीमच्या सॅम्पलच्या रिकाम्या डब्या उकळून त्यात भरला. बारा डब्या. प्रत्येकीवर बॅच नंबर आणि तारीख. एकूण खर्च दुकानातल्या डबीच्या नऊपट झाला, पण पहिल्या उत्पादनात असं होतंच.

ओकजू म्हणाली, चला, भेटीची वेळ चारपर्यंत आहे, मी कोट घालते. म्हटलं, लेबलची शाई ओली आहे. पुढच्या रविवारी नक्की. ती कोट घालून एकटीच गेली.

२५ जानेवारी, रविवार

गेलो. एकटाच. ओकजूला ड्यूटी होती.

आई झोपली होती. तापाचं औषध दिलं होतं. किती लहान झाली आहे. ओठ कोणाला हाक मारल्यासारखे अर्धवट उघडे, पण फुटलेले नव्हते. तरी भरपूर बाम लावला. मग हात धरून बसलो. बरं वाटलं, ते लिहून ठेवतो.

दहा मिनिटांत नर्स आली आणि आईचं तोंड बघून पळत सुटली. दोन मिनिटांत डॉक्टर, ऑक्सिजन, बोटाला तो मोजायचा चिमटा. ओठ जांभळे म्हणजे श्वास अडकला. मी सांगत होतो, हा नैसर्गिक रंग आहे, मुळीचा आहे, बॅच तीन आहे. डॉक्टरांनी मला बाजूला केलं. शेवटी ह्वांग मावशींनी ओल्या रुमालाने आईचे ओठ पुसले आणि रुमाल सगळ्यांना दाखवला. कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, साहेब, इथे काही लावायच्या आधी विचारत चला.

बाहेर पॅसेजमध्ये ह्वांग मावशी आल्या. मी डब्या पुढे केल्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्हाला फोन केला तेव्हाही त्यांचे ओठ फारसे फुटले नव्हते. मी त्यांना रोज लावते, माझ्या खिशात असतं. त्या दिवशी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि मला म्हणाल्या, माझ्या लेकाची नोकरी गेलीय, रिकाम्या हाताने यायला लाजत असेल, त्याला परवडेल असं काय सांगू गं? आम्ही दोघींनी मिळून विचार केला. त्यात सगळ्यात स्वस्त हेच निघालं. त्या म्हणाल्या, येता येता उचलेल, उद्याच येईल बघ. मग दोन आठवडे केस विंचरून बसायच्या.

मी म्हणालो, दुकानातल्यात पेट्रोलियम असतं.

मावशी म्हणाल्या, हो का. आणि आत गेल्या.

२६ जानेवारी

हॉस्पिटलचा मेसेज. फ्लूची साथ, भेटी बंद. या वेळी कारण खरं आहे. कोणाला सांगणार.

८ फेब्रुवारी

अजून बंद. रोज फोन करतो. ह्वांग मावशी आईच्या कानाला लावतात. श्वास ऐकू येतो. मी बोलत राहतो. नोकरी गेली हे सांगितलं. काढून टाकलं, असंच सांगितलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

भेटी सुरू झाल्या. परवा चांद्र नववर्षाचा सण, त्यामुळे लिफ्टमध्ये सगळ्यांच्या हातात पेट्या. फळं, डबाबंद मांस, तेलाच्या बाटल्यांचे सेट. एका गृहस्थांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि नजर वर आकड्यांकडे वळवली. मी काही नेलं नव्हतं. ठरवून.

आई जागी होती. उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले. मी म्हटलं, आई, मी दोंगशिक. तिने नीट बघितलं. मान लववली. पाहुण्यांसाठी असतं तसं हसली, आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, अहो, कशाला आणलंत एवढं सगळं, तुम्ही आलात हेच खूप झालं.

म्हटलं, फार काही नाही.

तिने मला बसायला सांगितलं. चार वाजेपर्यंत तिच्या मुलाबद्दल सांगत होती.