दोन तासांचा खेळ

९ जानेवारी, शुक्र.
मी बनवलेला कम्प्युटरवरचा खेळ ऑनलाइन विक्रीला लागून आठवडा झाला. आज निलेशचा रिव्ह्यू आला. पहिलीपासूनचा मित्र, पळसदरीला आमची घरं पाठीला पाठ लावून. फुकट कॉपी देत होतो, घेतली नाही. म्हणाला, "फुकट घेतलं की तोंड बांधलं जातं रं." स्वतःच्या पैशाने घेतला आणि लिहिलं: "चित्रं सुंदर. पण दोन तासांत संपतो. ३४९ रुपये जास्त आहेत. हे मत नाही, फॅक्ट आहे."
नोकरी सांभाळून तीन वर्षं केलेलं काम. जेवण गेलं नाही.

१० जाने., शनि.
राहवलं नाही. खाली टाकलं: दोन तास हे फॅक्ट, जास्त हे तुझं मत. झालं, जत्रा भरली. एक म्हणे रुपये भागिले तास, हिशोब संपला, यात मत कुठून आलं? दुसरा म्हणे, मग थाळी अर्ध्या तासात संपते म्हणून अर्धेच पैसे देता का? तिसरा: "बनवणाऱ्याचा मित्रच जास्त म्हणतोय, विषय संपला." हे लागलं.
नि.ने शेवटी लिहिलं, "मित्र म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून लिहिलंय." त्याला धडाधड अंगठे.
वैशाली चिडली. "बायकोशी भांडायला वेळ नाय आनि मित्राशी जगासमोर भांडता. फोन करा नं. आपल्या नेरळवरनं त्यांची खोपोली काय परदेश हाय?"

१२ जाने., सोम.
किंमत १९९ करावी का? बटणापर्यंत गेलो, परत आलो. कमी केली तर नि. खरा. नाही केली तर विक्री बसलेलीच.
पण खरं दुखणं ते नाही. दोन तासांत संपवला म्हणजे नि. खेळातल्या नानांजवळ बसलाच नाही.
खेळात धरणाच्या भिंतीवर एक म्हातारा गळ टाकून बसलेला असतो. शेजारी बसायचं, काही दाबायचं नाही. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागतो. आवाज नानांचा, नि.च्या वडिलांचा. आमच्या धरणावरच मोबाइलवर घेतला होता. आधी लाजले, "काय बोलू रं? मी काय पुढारी हाय?" मग थांबेनात. पाऊस, मासे, नि.च्या आजीचं कालवण. शेवटी गळ गुंडाळताना, रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून: "निल्या जेवला का रं? बघ जरा." ते कापलं नाही.
"निल्याला सांगू नको, ऐकंल तवा ऐकंल," म्हणाले होते. दिवाळीच्या आधी गेले. नि. शिफ्टवर होता.

१३ जाने., मंगळ.
वै.ला आज हे सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका की त्यांना."
कसं सांगू? आता सांगणं म्हणजे गेलेल्या माणसाला भांडणात साक्षीला उभं करणं. नि. रिव्ह्यू लगेच काढेल, मला माहीत आहे. मग त्याचं खरं बोलणं मी विकत घेतल्यासारखं. तेही बापाच्या आवाजावर. नको.
राग येतो मात्र. बापाजवळ थोडा वेळ बसवलं नाही? लिहिलं आणि लाज वाटली. नानांचं शेवटचं दुखणं त्याने एकट्याने काढलं. कारखान्यातून येऊन अंथरूण बदलायचा. आणि शिफ्टवरून आलेला माणूस खेळात काही न करता बसेल, हे गृहीत धरणारा मी कोण? खेळ मीच असा केला.

१७ जाने., शनि.
कुणी अनोळखी माणसाने नि.च्या खाली लिहिलंय: "म्हाताऱ्याशेजारी बसा. काही दाबू नका. तो बोलतो. ते ऐकलं नसेल तर दोन तासांत संपला हे फॅक्ट कसं?"
मी लिहिलेलं नाही. शप्पथ.
नि.चं उत्तर: "नुसतं बसायचेही पैसे घेतात का आता?" लोक हसतायत. मोबाइल पालथा घातला.

१८ जाने., रवि.
रिव्ह्यूशेजारी खेळलेले तास दिसतात. नि.चे दोन होते. आज सकाळी पाच तास झालेले. दुपारी आठ.
कर्जतला बाजारात त्याची बायको भेटली, आज सकाळीच माहेरी आली होती. "भावजी, त्या गेममधी काय घातलंय तुमी? काल शिफ्टवरनं आले ते कम्प्युटरसमोर बसले. बटनाला हात नाय लावत. नुसते बसलेत. चहा दिला तर बोलू नको म्हनाले."
मी म्हटलं, काही नाही वहिनी, आमच्या गावचं धरण आहे. कोथिंबीर घ्यायची राहिली.

२५ जाने., रवि.
फोन नाही. मीही केला नाही. किंमत तशीच. रिव्ह्यूत एक अक्षर बदललेलं नाही: जास्त आहेत, फॅक्ट. का कोण जाणे, बरं वाटलं. काढला असता तर सहन झालं नसतं.
तास वीसच्या पुढे.

१ फेब्रु., रवि.
दुपारी नि.चा मेसेज. बाकी काही नाही, एकच शब्द.
"जेवलो."
काय उत्तर द्यावं? टाइप करतो, पुसतो. वै. म्हणते, गाडी काढा आणि जा. नानांचं त्या दिवशीचं पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, खेळात न घातलेलं. पेनड्राइव्हवर घेतलंय. खिशात आहे. मी अजून घरीच आहे.