तळहाताएवढी जागा

१४ एप्रिल
किल्ली हातात आली! मुहूर्त वगैरे आम्ही बघत नाही, पण बाबासाहेबांच्या जयंतीलाच स्वतःच्या घराचं कुलूप उघडायचं, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. इंदिरानगरातलं जुनं रो-हाउस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. रंगाचे पोपडे निघालेत, खिडकीचे गज गंजलेत, आणि मी वेड्यासारखी प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत सुटले.

धाकटा भाऊ भूषण मुद्दाम कळवणहून आला होता. तो सगळ्यांना सांगत होता की चैतालीताई लहानपणी बाहुल्यांशी खेळलीच नाही, बाहुल्यांची घरं तेवढी सजवली. खरं आहे. बुटांच्या खोक्याची खोली, काड्यापेट्यांचा सोफा. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो, तेव्हापासून मासिकांतल्या दिवाणखान्यांची चित्रं कापून मी एका वहीत चिकटवतेय. पंचायत समितीत बावीस वर्षं कारकुनी केली, त्यातून हे घर झालं. आता ती वही भिंतींवर उतरवायची. १२ मेला, बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना आणि गृहप्रवेश.

१८ एप्रिल
काम सुरू. मिस्त्री जमीलभाई, जुन्या नाशकातले, साठीच्या पुढचे. हात फार सुंदर आहे. गिलाव्यावर थापी फिरवतात ती पोळीवर तूप लावल्यासारखी. पण बोलत नाहीत. हे घर आधी पाहिलं होतं का, असं विचारलं तर नाही म्हणाले आणि लगेच पाणी मागितलं. माझा स्वभाव संशयी, असं ऑफिसात म्हणतात. म्हणोत बापडे. बावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले की माणूस कधी नजर चुकवतो ते कळतं.

२२ एप्रिल
जिन्यालगतची भिंत खरवडताना गंमत झाली. पिस्ता रंगाखाली गुलाबी, गुलाबीखाली पेन्सिलीचे आकडे. नेटकं बायकी अक्षर, जमिनीपासून हातभर उंचीवर, बसून लिहिल्यासारखं. १४ फूट. ११ फूट ६. ९ फूट. ६ फूट ४. ३ फूट १. त्यापुढे आकडा नाही, एक रेघ तेवढी खाली ओढलेली.

हॉलची रुंदी बरोबर चौदा फूट आहे, मी तीनदा मोजली. म्हणजे पहिला आकडा खरा, बाकीचे सगळे चुकलेले. बाईला टेप धरता येत नसावी. तरी बरं वाटलं. माझ्यासारखीच कुणीतरी इथे मापं घेत बसली होती. जमीलभाईंना दाखवलं, तर त्यांनी लगेच त्यावर गिलावा चढवला. फोटोसुद्धा काढू दिला नाही.

२९ एप्रिल
हॉल जवळजवळ झाला. वहीत सतराव्या पानावर आहे तशीच एकसलग, फिकट मातकट भिंत. ना पट्टी, ना सांधा. पाहून डोळ्यांत पाणी आलं.

पण जिन्याजवळ छातीच्या उंचीवर तळहाताएवढी जागा जमीलभाईंनी उघडी ठेवलीय. विटा दिसतात. विचारलं तर म्हणाले, उस्तादची शिकवण आहे, जुन्या घराचं काम कधी शंभर टक्के पुरं करायचं नाही, घराला वाटलं पाहिजे की माणसाचं अजून काही बाकी आहे. मी सांगितलं की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मी, असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नाही. ते मान खाली घालून हसले आणि दुसऱ्या कामाला लागले.

२ मे
शेजारच्या तानुबाई पेठकडच्या. पापड वाळत घालताना आज त्यांच्याशी बोलणं झालं. आधीची बाई "लय हौशी व्हती" म्हणाल्या. एकटीच राहायची. सहा वर्षांमागं सगळं घर नवं केलं आणि काम पुरं झाल्यावर कुणाला न सांगता निघून गेली. सामान जागच्या जागी, चपला दारात. पोलीस येऊन गेले, काही मिळालं नाही. तेव्हा मिस्त्री कोण होता, विचारलं. तानुबाईंनी आमच्या दाराकडे बोट केलं. "ह्योच की म्हातारा."

म्हणजे जमीलभाई धडधडीत खोटं बोलले.

३ मे
दिवसभर त्यांच्यावर पाळत ठेवली. जाताना त्यांनी त्या उघड्या विटांवर हात ठेवला आणि पुटपुटले काहीतरी. त्या विटांमागे काही लपवलंय का? टकटक करून पाहिलं, भरीव लागलं. त्या बाईचं काय झालं ते ह्या माणसाला ठाऊक आहे. भूषणला फोन केला. तो म्हणाला, ताई, तू सिमेंटच्या गोणीवरही संशय घेशील. मला राग आला आणि भीतीही वाटली.

६ मे
तोंडावर विचारलं. जमीलभाईंनी कबूल केलं की तेव्हाचं काम त्यांचंच होतं. तेव्हाही एवढीच जागा सोडली होती, बाईंनी दुसऱ्या माणसाकडून बुजवून घेतली. पुढे पोलिसांनी आठवडाभर चौकीत बसवलं, म्हणून आता खरं सांगायची हिंमत होत नाही. मग हे काम घेतलंच कशाला? तर म्हणाले, "दुसरा कुणी आला असता ना बाई, तर त्याने पुरं करून टाकलं असतं."

गोष्ट चांगली रचलीय. मी त्यांना काढून टाकलं. जाताना दोनदा मागे वळून म्हणाले, एवढी जागा राहू द्या.

७ मे
कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच.

१० मे
परवा पाहुणे येणार आणि एवढ्या सुंदर भिंतीला ते भोक! सोफ्यावर बसलं की नजर तिथेच जाते. दुपारी मीच पुट्टी कालवली. तीन हात दिले, पॉलिश पेपर मारला, रंग लावला. आता कुठे बुजवलं ते मलाही सापडत नाही. जमीलभाईंनी पाहायला हवं होतं, असा एक खुळा विचार मनात आला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झाल्यासारखं वाटतंय.

११ मे, सकाळ
खिडकीचा कट्टा काल नऊ इंचांचा होता. मीच मोजून वहीत लिहिलंय. आज सात भरतोय. वर ओला गिलावा आहे, बोट लावलं तर ठसा उमटला.

कोण आलं होतं? कुलूप जसंच्या तसं आहे.

११ मे, दुपार
स्वयंपाकघराकडे जायची कमान अरुंद झालीय. खांदे घासतात. गिलावा उत्तम आहे, सांधा दिसत नाही. असा हात नाशकात एकाच माणसाचा. डुप्लिकेट किल्ली करून घेतली असणार त्याने. मला घाबरवून घरातून काढायचंय. मी जाणार नाही! हे घर माझं आहे. आज हॉलमध्येच अंथरूण टाकते, येऊ दे त्याला.

१२ मे, सकाळी १०
कुणी आलं नाही. तरी खिडकी बंद झालीय. फळ्या मारून नव्हे, बुजवून. जिथे होती तिथे एकसलग, फिकट मातकट भिंत आहे.

मी दाराला पाठ लावून बसलेय. कडी काढली, दार हलत नाही. बाहेरून लिंपल्यासारखं.

१०.४०
भूषणचा फोन लागत नाही. सगळे गाडीत आहेत, वणीच्या घाटात रेंज नसते. जिना वर जात होता, तिथे आता भिंत. कमानही गेली. दिवा चालू आहे. ओल्या सिमेंटचा वास — किती आवडायचा मला हा वास.

हे कुणा माणसाचं काम नाही. जमीलभाईंचं तर नाहीच. माझं चुकलं.

११.०५
जमीलभाईंना फोन लावला. मला रडू आवरेना. त्यांनी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाले, "भरली का जागा?" मग म्हणाले, निघालोच, वीस मिनिटांत येतो. मी ती बुजवलेली जागा पट्टीने खरवडतेय. पुट्टीच लागते आहे. वीट येत नाही. कितीही खोल —

मघाशी पाठ लावून बसले होते ते दारही आता लागत नाही हाताला.

११.३०
आले! बाहेर तानुबाईंचा आवाज, जमीलभाईंचाही. फोनवर म्हणाले, छिन्नी-हातोडा आणलाय, बाहेरून सगळी एकच भिंत दिसतेय, दार कुठे होतं तेच कळत नाही. "बाई, माप सांगा. कोपऱ्यापासून किती?"

माप. ते तर येतं मला. टेप लावली. समोरच्या कोपऱ्यापर्यंत चौदा फूट हवे —

११ फूट ६.

सांगितलं. ठोका ऐकू आला. दुसऱ्याच बाजूने. लांबून.

परत मोजलं. ९ फूट.

तेही सांगितलं. ते मारतायत. धापा ऐकू येतात फोनवर. म्हणतायत, बोलत राहा बाई, मी थांबणार नाही. मी माफी मागितली. ऐकू आलं की नाही —

६ फूट ४. बसूनच लिहावं लागतंय.

आता कळलं. तिला टेप नीट धरता येत होती.

पुढचा आकडा मला माहीत आहे, तरी मोजते. त्यांना बरोबर माप मिळालं तर — ठोका जवळ आला — जवळच — जमीलभाई, कोपऱ्यापासून, नीट ऐका, कोपऱ्यापासून ३ फूट