अकरा नंबरचा पिंजरा

मायो, मिशिगन
६ मे

ती. हेडीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मुरांबा दोन्ही पोचलं. मुरांबा उन्हाळाभर पुरवायचा बेत होता, पण काल बरणीचा तळ दिसला. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू आपल्या मनाने भरतेस, म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी, की तुझ्या लेकीने मला घरी बसवलं. रेनाटा मंगळवारी स्वतः येऊन सांगून गेली, की यंदा वनखातं एकही पिंजरा उघडणार नाही. चौतीस वर्षं मी वसंत आला की गायपाखरं पकडत आलो. आता म्हणे पाहू या, पिंजऱ्यांशिवाय आपले वटवटे, ती रानातली चिमुकली गाणारी पाखरं, तगतात का. माझ्या हातचे बटाटा भरलेले पिएरोगी तिने पोटभर खाल्ले आणि निघताना मला मिठी मारली, त्यामुळे मला नीट रागावताही आलं नाही.

तुला तुझ्या गायींमागे फिरणारी ती तपकिरी डोक्याची पाखरं गोजिरवाणी वाटतात. मला नाही वाटत. स्वतः घरटं बांधायचं नाही, पहाटे दुसऱ्याच्या घरट्यात शिरून अंडं टाकायचं, जमलं तर तिथलं एक उचलायचं, की मोकळे. मी कामाला लागलो त्या वर्षी आमच्या जुन्या मुकादमाने मला जॅक पाईनच्या खालच्या फांद्या बाजूला करून एक घरटं दाखवलं होतं. वटवट्याची मादी आपल्याहून मोठ्या, गायपाखराच्या पोराला भरवत होती आणि तिची स्वतःची पिल्लं त्याच्या पायाखाली मरून पडली होती. तेव्हा सगळ्या जगात या वटवट्यांचे गाणारे नर जेमतेम दोनशे उरले होते. ते घरटं मी अजून विसरलेलो नाही.

हिवाळाभर कोठारात सांभाळलेली चार गायपाखरं अजून माझ्याकडेच आहेत. पिंजऱ्यात ती दिसली की रानातली आपणहून खाली उतरतात, म्हणून दरवर्षी चार ठेवायचो, पंख कातरून. आता सोडावी तर त्यांना उडता येत नाही. दूधगाडीवाला इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर वरीचं एक पोतं पाठव. इथला दुकानदार फार चौकस आहे.

बर्टा गायीचे दिवस भरत आले असतील, तिला जप. माझ्यावरचा लोभ मुरांब्यासारखा संपू देऊ नकोस.

तुझा,
काझ

हबर्ड लेक
१५ मे

चि. काझ यास,
अ. उ. आ.

पोतं पाठवलं आहे. पन्नास पौंडांचं आहे. चार पाखरांना पन्नास पौंड वरी? त्यांची लग्नं काढली आहेस का? दुकानदार चौकस आहे म्हणतोस, मग बहीण काय भोळी आहे? काय चाललंय ते मुकाट्याने कळव.

बर्टा व्याली. कालवड झाली, काळी, कपाळावर पांढरा टिळा. मी दोन रात्री जागले आणि बाईसाहेब तिसऱ्या दिवशी भर दुपारी, मी जेवायला बसले असताना मोकळ्या झाल्या.

माझ्या लायलॅकच्या झुडपात तांबड्या टोपीच्या चिमणीने घरटं केलं आहे. तिची तीन अंडी निळी, छोटी. परवा पाहते तर चौथं, मोठं, करड्या ठिपक्यांचं. आंधळ्यालाही कळावं, पण चिमणीला कळत नाही. शेजारची इर्मा म्हणाली काढून फेक. मी हात लावला नाही. एक तर परवान्यावाचून ते बेकायदा आहे हे तूच मला शिकवलंस, आणि दुसरं म्हणजे चिमणी कुठे तक्रार करते आहे?

रेनाटाची मात्र काळजी वाटते. अख्खी मोजणी पहिल्यांदाच तिच्यावर सोपवली आहे. घरट्यांत परकी अंडी सापडली नाहीत तर पिंजरे कायमचे बंद होतील, आणि ते तिच्या सहीने होईल. रविवारी आली तेव्हा सॉसेज तसंच ताटात ठेवून उठली. तू इतकी वर्षं त्या रानात काढलीस, तिला धीर दे. सल्ला देऊ नकोस, नुसता धीर दे.

तब्येतीला जप आणि पत्र पाठवण्यात कंजुषी करू नकोस.

तुझी,
हेडीताई

मायो
२६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. लहानपणी पाद्रीबाबांच्या बागेतली सफरचंदं तुझ्यापासून लपली नाहीत, तर हे काय लपणार.

अकरा नंबरचा पिंजरा मोडून सरपणात टाक असं खात्याने सांगितलं होतं. मी तो मोडला, आणि घरामागच्या माझ्या जागेत पुन्हा उभा केला. आत चार पाखरं, पाणी, सावलीला फळी, तुझी वरी, सगळं नियमाने. रेनाटाला माहीत नाही. कुंपणाच्या पलीकडे लगेच जॅक पाईन सुरू होतात आणि पहाटे तिथला वटवट्या असा गळा मोकळा सोडून गातो, की चहा हातात थंड होतो. त्याच्या घरट्यात ते ठिपक्यांचं अंडं पडणार आणि मी खिडकीत बसून राहणार, हे मला जमेना.

मला मारायची हौस आहे असं समजू नकोस. हे कधी बोललो नाही, पण आता लिहितो. मुठीत धरून अंगठ्याने छाती दाबायची, क्षणात होतं, पाखराला फार कळत नाही म्हणतात. माझ्या अंगठ्याला कळायचं. घरी आलो की तुझी भावजय लोरेन काही न विचारता गरम पाणी पुढे ठेवायची. ती गेल्यापासून ते पाणीही मीच तापवतो. पण दुसरं कोण करणार होतं?

आता गंमत ऐक. वीस दिवसांत पिंजऱ्यात एकच नर आला. नर आम्ही पूर्वीही पुष्कळदा सोडून देत असू, अंडी घालते ती मादी. त्यालाही सोडला. पाखरं आत उतरतात ती छपरातली फट मी चुकीच्या मापाची ठेवली असणार. उद्या पट्टी लावून पाहतो.

रेनाटाला इतक्यात बोलू नकोस. या भावाला पदरात घे.

काझ

हबर्ड लेक
१ जून

काझ,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तुझ्या कुंपणाला लागून रानाचे जे दोन तुकडे आहेत, ते रेनाटाच्या मोजणीत आहेत. मी तिचा नकाशा पाहिला आहे. तिथल्या घरट्यांत तिला परकं अंडं दिसणार नाही, ती तसं लिहील, आणि ते नसेल तुझ्या पिंजऱ्यामुळे. पुढे कधीतरी कोणाला कळलं, की सख्ख्या मामाने पलीकडे पिंजरा लावला होता, तर कोणाला वाटेल की पोरीला माहीत नव्हतं? तिची सगळी मोजणी खोटी ठरेल. आणि कळलं नाही, तर तुझ्या वटवट्यांचं पुढचं सगळं एका खोट्या आकड्यावर ठरेल. तू त्यांना वाचवतोस म्हणतोस ना?

पट्टी लावत बसू नकोस. आठ दिवसांत तिला जाऊन सांग. नाहीतर मी गाडी काढून येईन, आणि मी अलीकडे कशी चालवते ते तुला माहीत आहे.

अंगठ्याचं वाचलं. मला आधी का नाही सांगितलंस रे? मी काही तुला परकी नाही.

चिमणीकडे एक मोठं आणि एक छोटं अशी दोन पिल्लं आहेत. दोघंही जिवंत आहेत, म्हणून कळवते.

सांगून आलास की लिही. मग आशीर्वाद पाठवीन, दोन्ही वेळचे.

हेडी

मायो
१४ जून

ती. हेडीताईस,
सा. न. वि. वि.

सांगून आलो. पत्र उघडण्याआधी गाडीची किल्ली हातात घेतली असशील तर ठेवून दे.

रेनाटा रस्त्याकडेला गाडीच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होती, भोवती डासांचे ढग. मी आडवळण न घेता सांगितलं. तिने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग तिने एवढंच विचारलं, की मामा, वही ठेवली आहेस का?

वही ठेवली नसती तर मी कसला पिंजरेवाला? चौतीस वर्षांची सवय आहे, रोज पहाटे फेरी झाली की तीन रकाने: पकडली, सोडली, मारली. वही गाडीतच होती. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून. अडतीस दिवसांत तीन नर आणि एक मादी. ती म्हणाली, की याच पिंजऱ्यात पूर्वी एवढ्या दिवसांत किती येत? मी म्हटलं, सव्वाशेच्या खाली कधी नाही. छपराची फट पट्टी लावून दोनदा तपासली आहे हेही सांगितलं. माप बरोबर होतं.

मग तिने त्या एका मादीच्या ओळीवर बोट ठेवलं. दुसरा रकाना कोरा होता, आणि तिसराही. मादी कुठे गेली म्हणाली. मला सांगताना लाज वाटली, पण खरं ते सांगितलं. मादी मुठीत घेतली होती. अंगठा ठेवला आणि दाबला नाही. ती त्या चौघांबरोबर पिंजऱ्यात आहे, वरी खाते आहे. हे ऐकून पोरगी पहिल्यांदा हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते दोन तुकडे मोजणीतून वगळणार आणि साहेबांना सगळं आहे तसं लिहिणार, असं ती म्हणाली. माझी वही घेऊन गेली. मी घरी येऊन छपराची फट फळीने बंद केली. पुढे काय होईल ते होवो, पण काल मी लोरेन गेल्यापासून पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपलो.

आशीर्वाद कबूल केले होतेस, ते व्याजासकट पाठव.

तुझा,
काझ

मायो
१९ जुलै

ती. काझमामास,
सा. न. वि. वि.

तू गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतोस, मी गाडीने दहा मिनिटांत येऊ शकते, तरी पत्र लिहिते आहे. आईने सांगितलं, की मामाला कागदावर दिलेलं जास्त पटतं.

मोजणी संपली. तुझ्या कुंपणाजवळचे दोन तुकडे सोडून आम्ही जेवढी घरटी पाहिली, त्यांतल्या एकाही घरट्यात गायपाखराचं अंडं नव्हतं. एकाही नाही, मामा. शेवटचं घरटं तर मी दोनदा पाहिलं.

साहेब तुझ्यावर चिडले, खोटं कशाला सांगू. तुला एक कडक पत्र येईल, ते नीट वाच आणि सही करून परत पाठव. माझीही तासभर हजेरी घेतली. मग त्यांनी तुझी वही मागितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, आणि आता तिची नक्कल माझ्या अहवालाच्या मागे जोडली आहे; मूळ वही रविवारी तुला परत आणते. सगळ्यांना हीच शंका होती, की गायपाखरं आहेत पण त्यांनी अंडं टाकलेली घरटी आपल्याला सापडत नाहीत. तू तर त्यांना दाणा, पाणी, सावली आणि गोतावळा सगळं मांडून बोलावत होतास, तरी अडतीस दिवसांत चारच आली. आपल्याकडची कुरणं गेली, गायी गेल्या, त्यांच्यामागची ती पाखरंही पांगली. नक्की कारण काय ते पुढच्या वर्षांत पाहू, आणि लक्ष ठेवूच. पण यंदा माझे वटवटे कोणाच्या राखणीशिवाय जगले.

आणखी एक. एवढी वर्षं जे केलंस ते फुकट गेलं असं मनात आणू नकोस. तेव्हा केलं नसतंस तर आज मला मोजायला काही उरलं नसतं. पण आता तू मोकळा आहेस.

रविवारी पिएरोगी कर, मला पुन्हा भूक लागायला लागली आहे. भाचीवर पूर्वीसारखीच माया असू दे.

तुझी,
रेनाटा

मायो
४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाचही जणांची जुनी पिसं गळून नवी पूर्ण आली. काल कोठारात एक थेट आढ्याला जाऊन बसलं. इथे सोडणं मला बरं वाटत नाही, आणि रेनाटालाही. त्यांना गायी लागतात आणि तुझ्याकडे त्या आहेत. खात्याला विचारलं, ते हो म्हणाले. शनिवारी छोटा पिंजरा घेऊन येतो. इर्माला आधी सांगून ठेव, म्हणजे ती झाडू घेऊन धावायची नाही.

भेटीअंती बोलूच.

काझ

हबर्ड लेक
११ सप्टेंबर

चि. काझ यास,
अनेकोत्तम आशीर्वाद, आणि बाकी राहिलेलेही यातच.

तू परत गेलास तेव्हा तुझा चेहरा पडला होता. दोन तास कुरणात उभा राहिलास, दार तारेने उघडं बांधलंस, शुक शुक केलंस, आणि पाचही जण आत बसून वरी खात राहिले. एवढी खातिरदारी केल्यावर कोण उठेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून मी तिकडे गेले. पिंजरा रिकामा. बर्टाच्या पायांत पाखरांचा एक थवा किडे टिपत होता, आणि त्यात तुझी पाच कोणती हे मला ओळखता आलं नाही. एक मादी मात्र टिळेवाल्या कालवडीच्या पाठीवर ऐसपैस बसली होती. ती तुझीच असं मी ठरवून टाकलं आहे. माझ्या लायलॅकमधलं ते मोठं पोरही त्याच थव्यात असणार. चिमणीने जूनभर त्याला भरवलं, आणि जुलैत एके दिवशी ते उठून आपल्या जातीत गेलं. कोणी शिकवलं नव्हतं. चिमणीने मागाहून दुसरं घरटं केलं, त्यात तिघंही तिचीच होती. ते मोठं गेलं तेव्हा मी तिच्यासाठी रडलेही, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

पिंजऱ्यात मी कोंबड्या ठेवते आहे, मागू नकोस.

तुझी वही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिली. विसरलास की मुद्दाम ठेवलीस ते मी विचारत नाही. चष्मा लावून सगळी वाचली. प्रत्येक पानावर तीन रकाने, पट्टीने आखलेले. शेवटच्या पानावर शनिवारची तारीख आहे, पकडली शून्य, सोडली पाच, आणि तिसरा रकाना तू आखलाच नाहीस. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. लोरेनची आठवण आली.

वही आता इथेच राहील, पिठाच्या डब्याशेजारी. थंडी पडण्याआधी ये, आणि हात गार पाण्याने धुतलेस तरी चालेल. बहिणीवर लोभ ठेव, मुरांब्याची नवी बरणी तुझ्या नावाची आहे.

तुझी,
हेडीताई